पिट्युटरी अपोप्लेक्सीनंतरचं पहिलं वर्ष: घरच्यांनी टप्प्याटप्प्याने काय करायचं

बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "चला, गाठ निघाली, सुटलात एकदाचे." आम्हालाही तसंच वाटत होतं. डिस्चार्जच्या कागदावर ॲसिडिटीच्या आणि दुखण्याच्या गोळीच्या मधोमध एक बारीक गोळी लिहिलेली होती, हायड्रोकॉर्टिसोन. बाकीच्या दोन्ही गोळ्या महिन्याभरात बंद झाल्या. ही मात्र बाबांना श्वासाइतकी लागते, हे त्या कागदावरून कुणालाच कळलं नसतं. आम्हाला ते कळायला नऊ महिने लागले, आणि तेही वाईट पद्धतीने. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. आमच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टनी शिकवलं ते आणि स्वतः वाचून पडताळलं ते इथे आहे. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलाच घ्यायचा.

आधी, नेमकं काय झालंय

पिट्युटरी ही मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, हाडाच्या छोट्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी, वृषण किंवा बीजकोश, या सगळ्यांना हुकूम तिथून सुटतो. अनेकांच्या या ग्रंथीत साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. एक दिवस त्या गाठीत रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती एकदम फुगते, आणि खोबणीत जागा नसल्यामुळे शेजारच्या सगळ्यांना चेपते. वर डोळ्यांच्या नसा, बाजूला बुबुळं आणि पापणी हलवणाऱ्या नसा, आणि मधोमध स्वतः ग्रंथी. यालाच पिट्युटरी अपोप्लेक्सी म्हणतात.

बाबांच्या बाबतीत ते ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत झालं. द्राक्षबागेतून संध्याकाळी घरी आले ते डोकं धरूनच. "कपाळात कुणी खिळा ठोकल्यागत होतंय," म्हणाले. रात्रभर उलट्या. पहाटे आईने दिवा लावला तर डावी पापणी पूर्ण मिटलेली. पहिल्या ठिकाणी पित्त म्हणून सलाईन लावलं आणि त्यात दोन दिवस गेले. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, उलटी आणि पापणी पडणं किंवा दोन-दोन दिसणं हे एकत्र आलं तर थेट एमआरआय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं, एवढं तरी गावात सगळ्यांना माहीत असावं असं मला फार वाटतं.

बऱ्याचदा कारण सापडत नाही. कधी मोठं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी औषधं, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण, प्रोस्टेट कॅन्सरची काही हार्मोन इंजेक्शनं निमित्त ठरतात. डेंग्यूत प्लेटलेट घसरल्यावर असं झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांसाठी मुद्दाम सांगते: घोणस चावल्यानेही पिट्युटरीला इजा होऊ शकते. चावलेला माणूस वाचतो, घरी येतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी थकवा, अंगावरचे केस जाणं, रक्तदाब कमी राहणं सुरू होतं. बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन ग्रंथी निकामी होते तो शीहान सिंड्रोम वेगळा. पण गोळ्यांबद्दल पुढे जे लिहिलंय ते या सगळ्यांना लागू आहे.

टप्पा 1: हॉस्पिटल सोडण्याआधी

सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही. दृष्टी शाबूत असेल, माणूस शुद्धीवर आणि स्थिर असेल, तर स्टिरॉइड आणि बारीक देखरेख यांवरही गाठ आपोआप आक्रसू शकते. ब्रिटनमध्ये 2011 साली तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत म्हटलंय की नजर जास्त गेली असेल तर ऑपरेशन शक्यतो पहिल्या सात दिवसांत व्हावं. ऑपरेशन झालं नाही म्हणून तुमच्या माणसाकडे दुर्लक्ष झालं, असं लगेच धरू नका; का केलं नाही ते मात्र विचारा.

निघण्याआधी माझ्या वहीत असायला हव्या होत्या आणि नव्हत्या अशा गोष्टी: कुठले हार्मोन कमी आहेत ते नावानिशी, पहिल्या दिवशीचा कॉर्टिसोलचा (ॲड्रिनल ग्रंथींच्या हार्मोनचा) आकडा, गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कधी मिळणार, एमआरआयची सीडी, आणि डोळ्यांच्या फिल्ड टेस्टचा, म्हणजे बाजूचं किती दिसतं त्या तपासणीचा, कागद. शिवाय सोडियम पुन्हा कधी तपासायचं त्याची तारीख. ही तारीख महत्त्वाची, कारण नाकातून ऑपरेशन झाल्यावर चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि तोवर बहुतेक जण घरी आलेले असतात. डोकं जड होणं, मळमळ, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर "अशक्तपणा आहे" म्हणून लिंबूसरबत देत बसू नका. रक्त तपासा.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा, बिल झाल्यावर नव्हे.

टप्पा 2: नाकाचे सहा आठवडे

हा भाग लोक छान पाळतात, कारण जखम आहे हे समजतं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. स्ट्रॉने प्यायचं नाही. कुंथायचं नाही, म्हणून पोट साफ राहायचं औषध डॉक्टर देतात ते घ्यायचं. वाकून काही उचलायचं नाही. बाबांना पाण्याची घागर, खताची पोती, नातू, सगळं बंद होतं. डोकं उशीवर जरा उंच. किती आठवडे ते सर्जन सांगतील.

लक्ष ठेवायचं ते एका गोष्टीवर. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ थेंब-थेंब गळतंय आणि घशात खारट चव येतेय, तर ती सर्दी नव्हे. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. त्यासोबत ताप किंवा मान ताठणं असेल तर त्याच रात्री निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

तहान आणि लघवीही मोजा. आम्ही पंधरा दिवस मापाचा मग वापरला आणि आकडे वहीत लिहिले. दिवसाला तीन लिटरच्या वर पाण्यासारखी लघवी, रात्री चार-पाच वेळा उठणं, बर्फाचं पाणी हवंसं वाटणं, हा डायबेटिस इन्सिपिडस असू शकतो. नावात डायबेटिस असलं तरी साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही. आमच्या एका नातेवाइकांनी बाबांचा भात आणि गूळ बंद करून टाकला होता. यावर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध असतं. ते चालू असताना सवयीने तांब्यावर तांबे पाणी पिऊ नका, तहानेपुरतंच प्या; नाहीतर सोडियम उलट घसरतं.

टप्पा 3: ती बारीक गोळी

ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल बनवतात. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर सांभाळणं, ताप किंवा दुखापतीच्या वेळी शरीर तगवून धरणं हे त्याचं काम. पिट्युटरीचा हुकूम बंद पडला की ते बनणं थांबतं. अपोप्लेक्सीच्या पहिल्या दिवशी निम्म्याहून जास्त रुग्णांमध्ये ही कमतरता असते आणि सुरुवातीच्या काळात जीव जातो तो मुख्यतः हिच्यामुळे. म्हणूनच रिपोर्ट यायच्या आधी डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतात.

पुढे काहींची ग्रंथी सावरते. बऱ्याच जणांची सावरत नाही. एकूणात दहांतल्या साधारण आठ जणांना कुठलं ना कुठलं हार्मोन बाहेरून कायम लागतं. त्यामुळे "कधी बंद होणार?" हा प्रश्न घरात रोज विचारू नका. बाबांना तो प्रश्न ऐकून आपण बरे होत नाही आहोत असं वाटायचं.

हायड्रोकॉर्टिसोन साधारणपणे दिवसाला 15 ते 25 मिलिग्रॅम, दोन-तीन भागांत विभागून देतात. मोठा भाग उठल्या उठल्या, कारण निरोगी शरीरातही कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. शेवटची गोळी संध्याकाळी उशिरा घेतली तर झोप उडते. काही डॉक्टर त्याऐवजी सकाळी एकदाच प्रेडनिसोलोन देतात, साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम. छोट्या गावात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी मेडिकलमध्ये दर वेळी मिळेलच असं नाही. आमच्याकडे महिन्याभराचा साठा कायम असतो. डबा अर्ध्यावर आला की तालुक्याला चिठ्ठी जाते.

आता "स्टिरॉइड" या शब्दाबद्दल. हा शब्द ऐकला की गावात पाच माणसं पाच गोष्टी सांगतात: हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, अंग सुजतं. ते सगळं मोठ्या डोसबद्दल खरं आहे. इथे आपण शरीर स्वतः जेवढं बनवत होतं तेवढंच भरून काढतो आहोत. शेजारच्या काकांना दम्यासाठी मिळणारं स्टिरॉइड आणि बाबांची ही गोळी, औषधं एकाच जातीची असली तरी काम अगदी निराळं. कुणाच्याही सांगण्यावरून ती थांबवू नका, काढ्याने बदलू नका, "एक दिवस पोटाला आराम" म्हणून चुकवू नका.

दुसऱ्या औषधांशीही तिचं नातं आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं स्टिरॉइड शरीरातून लवकर संपवतात. त्यांतलं काही सुरू झालं तर हार्मोनच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

टप्पा 4: आजारपणाचे नियम

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचा.

निरोगी माणसाला ताप आला की त्याचं शरीर आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडतं. आपल्या माणसाचं सोडत नाही. म्हणून ते आपण द्यायचं. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले नियम असे: ताप 38 अंशांच्या, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला किंवा अंथरूण धरायला लावणारं आजारपण आलं तर रोजची हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, बरं वाटेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस, आणि मग पुन्हा नेहमीचा डोस. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर गोळी परत द्यायची. तीही पडली, किंवा जुलाब थांबत नाहीत, तर पोटातून औषध जाणारच नाही. हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. दात काढणं, कोलोनोस्कोपी, कुठलंही ऑपरेशन, अपघात: समोरच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. तुमच्या डॉक्टरांकडून हे नियम आकड्यांसकट कागदावर घ्या. तोंडी सांगितलेलं रात्री दोन वाजता आठवत नाही.

आमचं काय चुकलं ते सांगते. आषाढी एकादशीला बाबांचा लहानपणापासूनचा उपास. "रिकाम्या पोटी गोळ्या नकोत," म्हणून त्यांनी त्या दिवशी एकही गोळी घेतली नाही, आणि आम्हाला सांगितलंही नाही. द्वादशीला पहाटे उलट्या. अंग गार, घामाने बनियन चिंब, आणि आई "अहो, अहो" करत हलवतेय तरी बाबा नुसते बघतायत. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, 80 वर 50. त्यांनी उलटीचं इंजेक्शन भरायला घेतलं होतं. मी हातातला कागद (त्याचा मजकूर शेवटी दिलाय) त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, एकही प्रश्न न विचारता कपाटातून हायड्रोकॉर्टिसोनची बाटली काढली, आणि सलाईन चालू केलं. तासाभरात बाबांनी मान वळवून विचारलं, "बैलांना पाणी दाखवलं का?" त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

उपास सोडा असं मी म्हणत नाही. बाबा आजही एकादशी करतात. सकाळची गोळी दुधासोबत घेतात, दुपारची वरीच्या तांदळासोबत. निर्जळी उपास मात्र बंद. हरतालिका करणाऱ्या बायका किंवा वारीला पायी जाणारे कुणी या गोळीवर असतील तर त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

त्या द्वादशीनंतर घरात इंजेक्शनचा डबा तयार झाला. हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमची पावडरची बाटली, इंजेक्शनसाठीचं निर्जंतुक पाणी, दोन सिरिंज, स्पिरिटचा कापूस, आणि वर मोठ्या अक्षरात एक्स्पायरीची तारीख. हॉस्पिटलच्या सिस्टरनी आईला स्वयंपाकाच्या ओट्यावर मोसंबी ठेवून शिकवलं. बाटलीचं झाकण उडवायचं, रबर पुसायचं, दोन मिली पाणी आत सोडायचं, हलकेच फिरवून पावडर विरघळू द्यायची, सगळं परत ओढून घ्यायचं, सिरिंजमधली हवा काढायची. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सुई सरळ काटकोनात. पहिल्या मोसंबीत आईची सुई वाकली. चौथ्या मोसंबीला तिचा हात थरथरायचा थांबला. सातवी इयत्ता शिकलेल्या माझ्या आईला जमलं, तर कुणालाही जमेल. शिकताना सिस्टर किंवा डॉक्टर शेजारी हवेत, हे मात्र नक्की. इंजेक्शन देऊन झालं तरी 108 ला फोन करून हॉस्पिटल गाठायचंच.

टप्पा 5: डोळे

पापणी आणि बुबुळ हलवणाऱ्या नसा बहुधा चांगल्या सावरतात, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, ऑपरेशन न झालेल्यांतसुद्धा. बाबांची पापणी तिसऱ्या आठवड्यात रेघभर उघडली. मी रोज सकाळी त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून फोटो काढायचे. रोज बघताना काही बदललंय असं वाटायचं नाही, आठवड्याचे फोटो शेजारी ठेवले की दिसायचं. दोन-दोन दिसणं दोन महिन्यांनी गेलं. तोवर चष्म्याच्या एका काचेला पट्टी लावली होती.

नजरेचं तसं ठामपणे सांगता येत नाही. धूसरपणा आणि बाजूचं दिसणं पुष्कळांत सुधारतं. डोळा पूर्ण आंधळा झाला असेल तर आशा कमी, आणि दाब किती लवकर उतरला यावर बरंच अवलंबून. गंमत अशी की बाजूचं दिसत नाही हे स्वतः रुग्णाला कळत नाही. बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीला दोष द्यायचे. म्हणून फिल्ड टेस्ट करा आणि ती स्वच्छ येईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर काही नाही. किल्ली लपवावी लागली तरी चालेल. आम्ही लपवली होती.

टप्पा 6: बाकीचे हार्मोन आणि तपासण्यांच्या तारखा

चार ते आठ आठवड्यांनी हार्मोन आणि डोळे यांची पूर्ण तपासणी. सकाळी आठच्या कॉर्टिसोलसाठी आदल्या दिवशीची शेवटची गोळी कधी घ्यायची ते विचारून घ्या, आणि त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर. बाबा ती कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात नेतात आणि सुई निघाल्या निघाल्या घेतात.

थायरॉइडबाबत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली: कॉर्टिसोलची कमतरता भरून निघण्याआधी थायरॉइडची गोळी सुरू करायची नाही, त्याने माणूस एकदम खालावू शकतो. दुसरी: इथे टीएसएच बघून उपयोग नाही. टीएसएच पिट्युटरीच सोडते, आणि तीच आजारी आहे. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइड स्वतः सोडते ते हार्मोन, बघतात. "टीएसएच नॉर्मल आहे, गोळी बंद करा" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा की आजार पिट्युटरीचा आहे.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, बायकांत पाळी आणि इस्ट्रोजेन. या विषयावर आपल्या घरांत कुणी बोलत नाही आणि माणूस आतल्या आत झुरतो. बाबा माझ्याशी नाहीच बोलले. दादाने त्यांना डॉक्टरांकडे एकट्याला आत पाठवलं, तेव्हा ते बोलले. यावर उपचार आहेत. मूल हवं असलेल्या तरुण जोडप्यांनी ते आधीच सांगावं, कारण त्यांची इंजेक्शनं वेगळी असतात.

एमआरआय तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं दरवर्षी, त्यानंतर दोन वर्षांतून एकदा, असा ढोबळ क्रम आहे. गाठीचा उरलेला अंश पुन्हा वाढू शकतो, म्हणून "काही त्रास नाही" हे एमआरआय टाळायचं कारण होत नाही.

टप्पा 7: थकवा

तो खरा असतो. रिपोर्ट चांगले आले तरी असतो. बाबा पहाटे पाचला बागेत जाणारा माणूस. पहिले चार महिने अंगणातून बाजेपर्यंत आले की बसायचे. "आळस चढलाय," असं त्यांचेच भाऊ म्हणाले आणि ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. आम्ही काम परत आणलं ते तुकड्यांनी: आधी सकाळी अर्धा तास बागेत नुसतं फिरणं, मग बसून करायची कामं, उन्हाचं काहीच नाही. पुढच्या ऑक्टोबरात छाटणीला ते कात्री घेऊन उभे राहिले, दोन ओळींपुरते. दुपारी गोळी, जेवण, झोप. फवारणी अजून दादा करतो. मन उदास राहत असेल, चिडचिड असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. कधी डोस कमी पडत असतो, कधी मनालाच वेगळा उपचार हवा असतो.

आता तो कागद, जो मी द्वादशीच्या पहाटे पुढे केला होता. लॅमिनेट करून एक प्रत बाबांच्या पाकिटात, एक मोबाइलच्या कव्हरमध्ये, एक फ्रिजवर. परगावी जाणार असाल तर इंग्रजीतली प्रतही सोबत ठेवा. मजकूर असा:

"मला पिट्युटरीचा आजार असून माझ्या शरीरात कॉर्टिसोल तयार होत नाही. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो, ते थांबवू नये. उलट्या, जुलाब, जास्त ताप, अपघात, शुद्ध हरपणे किंवा रक्तदाब घसरणे, यांपैकी काहीही झाल्यास रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यावे आणि सलाईन चालू करावे. साखर व सोडियम तपासावे. त्यानंतर माझ्या डॉक्टरांना फोन करावा."

खाली डॉक्टरांचा नंबर, घरचे दोन नंबर, रक्तगट. आणि चालू डोस, तो पेन्सिलने, कारण तो बदलतो.